औषधाचं सारवण

डोमाजीच्या घरात ढेकूण नव्हते, आणि या गोष्टीचा त्याला भारी गर्व होता. तामसीकडच्या त्या गावात कापसाच्या दिवसांत घराघरांत ढेकूण-पिसवांनी उच्छाद मांडलेला असे. डोमाजीनं त्यावर नामी युक्ती काढली होती. कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायचं औषध तो शेणाच्या काल्यात ओतायचा आणि बायको बयनाबाई त्यानं घर सारवायची. तिच्या हातांची सालं निघत. पण हाताकडं बघतो कोण!

त्यांची पोरगी रांगायला लागली आणि तिला झटके येऊ लागले. सासू सखूबाईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, गुण आला नाही. बयनाबाई पोरीला घेऊन माहेरी नेरडीगोंड्याला गेली, तर महिनाभर एक झटका नाही. सासरी परतली, ताजं सारवण झालं आणि त्याच संध्याकाळी पोरीच्या तोंडाला फेस आला. त्या क्षणी बयनाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपणच आपल्या हातानं हे लिंपत आलो, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तिनं पोरीला अंगणात बाजेवर ठेवलं आणि कुदळ घेऊन घरातली जमीन उकरायला लागली.

डोमाजी शेतातून आला. निम्मं घर खणलेलं.

"काऊन खणून राह्यली वं?"

"पोरीले हेच बाधते. सारं खणून टाकतो."

त्यानं तिच्या झिंज्या धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फुटला, दात हलला. सखूबाई मध्ये पडली, तर त्यानं आईलाही ढकललं. मग तो अंगणात गेला, पोरीला एका हातानं उचलून आणलं आणि न खणलेल्या जमिनीवर पालथी टाकली.

"पाह्य, काही होते का. लय शानी झाली."

पोरगी रडत रांगू लागली. सारवण लागलेला तळवा तिनं तोंडात घातला.

बयनाबाईनं कुदळ फिरवली. विचार करायला तिला उसंत नव्हती. घाव त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला आणि रक्ताची धार लागली. डोमाजी गुडघ्यांवर कोसळला, गुरासारखा ओरडला. बयनाबाईनं पोरीला उचललं, पदरानं तिचं तोंड, हात खसाखसा पुसले. पस्तावा तिला तिळभरही वाटत नव्हता.

सखूबाईनं लुगडं फाडून लेकाचा हात बांधला. रक्त काही थांबेना. "इथंच आडवा हो बाबा," म्हणत ती त्याला सारवलेल्या जमिनीवर टेकवू लागली, तसा डोमाजी अंग चोरून मागं सरला.

"तिथं नको, माय. औषध हाय तिथं. जखमेत जाईन."

सखूबाईनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

बयनाबाईनं पोरीला सासूच्या हातात दिलं आणि कुदळ पुन्हा डोक्यावर उचलली. डोमाजीनं शाबूत हात तोंडापुढं धरला. "माय, धर तिले," तो म्हणाला.

सखूबाई नातीला छातीशी धरून दारातून बाहेर निघून गेली.

कुदळ त्याच्या पायाजवळ जमिनीत घुसली. बयनाबाईनं ती उपसली आणि पुन्हा हाणली. डोमाजी ढुंगणावर सरकत सरकत दाराकडं गेला, आणि जिथं तो बसला होता तिथपासून ती खणत निघाली.