पलीकडच्या खोऱ्यातलं शून्य

"वर काय बघताय, गार्थसाहेब? नाकासमोर बघा!" मी ओरडले.

मार्च महिना. पायाखाली दोन पुरुष बर्फ. साठी उलटलेला गार्थ माझ्यामागून धापा टाकत आला होता आणि, खरं सांगते, त्याची एकेक धाप मला गोड लागत होती.

त्याच्या गालाला फांदीवरचं काळं दगडफूल घासत होतं. आम्ही त्याला 'काळे केस' म्हणतो. हिवाळ्यात कॅरिबू हरणं त्याच्यावरच जगतात. हरणाची मान पोचेल तेवढंच बघायचं, फोटोंशी ताडून शून्य ते पाच आकडा द्यायचा, हे आमचं काम.

अठरा वर्षांपूर्वी गार्थ माझा साहेब होता. पलीकडच्या खोऱ्यात त्यानं ऑगस्टमध्ये, कोरड्या जमिनीवर उभं राहून मोजलं. खालच्या फांद्या बोडक्या, म्हणून शून्य; म्हणजे जंगल तोडायला मोकळं. माझे वडील इझिडोर त्याला म्हणाले होते, "साहेब, हिवाळ्यात बर्फावर उभं राहून बघा. हरणं वरच्या फांद्यांवर चरतात."

"म्हातारबुवा, हरणं काय शिडी लावून चरतात?" म्हणून तो खो खो हसला. जंगल तुटलं. चाळीस हरणं होती, एकही उरलं नाही. बाबांनी मरेपर्यंत त्या खोऱ्याकडे तोंड केलं नाही.

आता तो लाकूड कंपनीचा सल्लागार. या खोऱ्यासाठीही ऑगस्टमधलंच शून्य घेऊन आला. इथं सतरा हरणं उरलीत. त्याचा आकडा तपासणारी आता मी. त्याचा कागद ऑफिसातच फाडता आला असता. पण मला हा माणूस बर्फात हवा होता.

"आकडा बोला."

"पाच," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"पाच, बाई, पाच! झालं समाधान?"

कुठलं व्हायला! मी त्याला खिंडीपलीकडे जुन्या खोऱ्यात नेलं. सगळं पांढरंफटक. नव्या झाडांचे नुसते शेंडे वर.

"इथलं लिहा."

"डेल्फिन, इथं काय आहे लिहायला?"

"तेच लिहा!"

त्यानं शून्य लिहून सही केली.

"माझ्या बाबांना झुरवून मारलंत तुम्ही," मी म्हणाले.

त्यानं कागद माझ्यापुढे धरला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा मोजायची टेप तू धरली होतीस, पोरी. कागदावर सही दोघांची होती."

मेल्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाबांना मी हे कधीच सांगितलं नव्हतं.

मी हातमोजा काढला, त्याच्या हातातली पेन्सिल हिसकावली आणि त्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.