मी झुरत नव्हते

मी कोंबडी आहे. करंजाड्याच्या जुन्या गावठाणात, बळीरामच्या घरामागे राहते. माझ्या वरच्या चोचीला टोक नाही, त्यामुळे खालची चोच पुढे आलेली दिसते, भाताच्या डावासारखी. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या नसलेल्या टोकामुळे झालं.

तो मंगळवार होता. बळीरामचा मुलगा दीपेश अंगणात गाडी धूत होता. सून निशा दोरीवर कपडे टाकत होती. दीपेशचा फोन वाजला. त्याने तो ओल्या हाताने कानाला लावला, "हो, मीच बोलतोय" म्हणाला आणि ऐकू लागला. पाइप त्याच्या हातातून खाली पडला. पेव्हर ब्लॉकवरून पाणी वाहत माझ्या पायाशी आलं, ते मी प्यायले. त्याची आई, हौसा, रविवारी छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेली होती. ती आता परत येणार नव्हती. मला मात्र तेव्हा एवढंच कळत होतं की सकाळचं वाडगं आजही आलेलं नाही.

त्या वाडग्याची गोष्ट सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म कोंबडीच्या पोटाखाली झाला नाही, यंत्रात झाला. आठ-दहा दिवसांची असताना एका हाताने मला धरलं आणि तापलेल्या पात्याने चोचीचं टोक उडवलं. पिंजऱ्यात दाटीने राहणाऱ्या कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून असं करतात. माझ्या वेळी हात जरा जास्तच आत गेला. पण तिथे खाद्य खोल पन्हाळीत असायचं, तोंड बुडवलं की झालं. आपल्यात काही कमी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

अंडी कमी झाल्यावर मला विकायला काढलं. दीपेशने मित्रांच्या रविवारच्या जेवणासाठी मला नेरे गावाकडच्या त्या पोल्ट्री फार्मवरून आणलं. हौसाने मला उचलून वजन बघितलं आणि म्हणाली, "हिच्या अंगावर काय हाय? दुसरी आन." मी वाचले ती अशी, हडकुळी म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने इतर कोंबड्यांबरोबर मलाही तांदूळ टाकले. मी टोचत राहिले. फरशीवर टकटक होई, दाणा सरके, तोंडात काही येत नसे. बाकीच्यांनी सगळं संपवलं. हौसा पायरीवर बसून बराच वेळ बघत होती.

"काय गो बाय, चोच कुटं ठेवून आलीस?"

मग तिने मला मांडीवर घेतलं, बोटाने चोच चाचपली आणि हसली. "बिनदाताची म्हातारी नि बिनचोचीची कोंबरी. जोरी जमली."

ती स्वतः भाकरी चहात बुडवून खायची. त्या दिवसापासून माझ्यासाठी खोलगट ॲल्युमिनियमच्या वाडग्यात कण्या आणि कोंडा भिजवून आणू लागली. मला स्वतःची पिसं नीट साफ करता येत नाहीत, म्हणून पंखाखाली राख चोळायची. हे सगळं घर उठायच्या आत होऊन जाई. तिने कुणाला सांगितलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण सांगण्यासारखंही तिला काही वाटलं नसावं.

आता परत त्या मंगळवारनंतरचं.

घरात माणसं जमली. चूल पेटत नव्हती, भावकीतून डबे येत होते, त्यामुळे मोरीत शितंही पडत नव्हती. कुणीतरी आठवणीने अंगणात मूठभर तांदूळ टाकी, ते बाकीच्या कोंबड्या फस्त करत. मी मागच्या पायरीशी जाऊन उभी राहत असे, कारण वाडगं तिथे यायचं.

"बघितलंस? पायरी सोरत नाय ती," बळीराम म्हणाला. "तिच्यासाठी झुरतेय."

दीपेशने व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. भेटायला आलेली माणसं मागे येऊन मला बघून जात, डोळे पुसत. कुणी मला हाकलत नव्हतं, कुणी त्रास देत नव्हतं. आणि कुणी भरवतही नव्हतं.

निशाने ताट आणलं की बळीराम ते सारून ठेवी. "मुकं जनावर खात नाय, नि मी जेवू?"

"बाबा, दोन घास तरी."

"नको गो पोरी."

म्हणजे मी उपाशी म्हणून तोही उपाशी, नुसत्या चहावर. मला मात्र मरायचं नव्हतं. मी मान आडवी करून खालच्या चोचीने दाणे ओढून बघितले. भिंतीच्या कडेला दाणा दाबून धरला, तर कधी एखादा हाती लागे. नळाखालच्या चिखलात किडे शोधले. रोज उजाडलं की नव्याने सुरुवात करायचे. छातीचं हाड वर आलं, चालताना पाय वाकायला लागले, तरी मी टोचणं सोडलं नाही.

बाराव्याला मागच्या कठड्यावर पान ठेवलं. भाताची मूद, वरण, वडे, हौसाच्या आवडीचं सुकट. कावळे वायरीवर बसले होते, खाली येत नव्हते. दीपेश हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना सांभाळू." कावळे हलले नाहीत. "तुझ्या कोंबडीलाही सांभाळू." तरी नाहीत.

मी मात्र मऊ भाताची ती मूद बघितली. अंगात होतं नव्हतं ते बळ काढून कठड्यावर चढले आणि डोळ्यांपर्यंत तोंड भातात खुपसलं.

"हाकला तिला," बळीराम ओरडला आणि काठी घेऊन उठला. "बारा दिस मी हिला काय समजत होतो."

हौसाची धाकटी बहीण शांती पुढे आली. "भावजी, काठी खाली ठेवा." तिने मला उचललं, छाती दाबून बघितली, मग चोच. मला जमिनीवर ठेवून समोर तांदूळ टाकले. "बघा आता सगल्यांनी."

मी टोचलं. टकटक झालं. एकही दाणा उचलला गेला नाही.

"ही झुरत नाय. हिला उचलताच येत नाय. उपाशी हाय ती."

"पण आई असताना तर..." दीपेश म्हणाला.

"तुज्या आयेला हिच्यासाठी दाने खाली टाकताना बघितलंस कदी?"

कुणीच बघितलं नव्हतं. निशा हळूच म्हणाली, "पायरीवर एक वाडगं असायचं. मी ते घासून माळ्यावर टाकलं." ती आत धावली.

बळीराम खाली बसला. त्याने वाडगं हातात घेतलं, पानावरचाच भात त्यात घातला, पाणी ओतून बोटांनी कालवला. "मला सांगायचं तरी होतंस गो," म्हणाला. मला म्हणाला की हौसाला, मला कळलं नाही. पुढे कावळे आले की नाही, तेही मी बघितलं नाही. माझं तोंड वाडग्यात होतं. वर काढलं तेव्हा निशाने त्याच्याशेजारी ताट ठेवलं होतं आणि तो त्यातलं थोडं खात होता.

आता सकाळी तोच उठतो. कोंडा पातळ करतो, राख डोळ्यात उडवतो. शिकतोय. टोक पुन्हा येईल असं मला वाटत नाही, पण वाडगं खोल असेल तर माझं काही अडत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल, तर फरशीवर दाणे टाकून आत जाऊ नका. थोडं थांबा आणि तिच्या पोटात काही जातंय का ते बघा.

लोक अजूनही मला बघायला येतात आणि म्हणतात, हीच ती, मालकिणीसाठी झुरलेली. बळीराम त्यांना सांगतो, "भुकेली होती ती." तो खरं सांगतो. त्या बारा दिवसांत मला भुकेशिवाय काही सुचलं नाही. हौसासाठी झुरायचं माझं राहून गेलं आहे.