एका हाताने घालायचा शर्ट

हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सोडून मुलीने कंपनी काढायचं ठरवलं आणि थेट बाबांच्या शिवणखोलीत ठाण मांडलं. एक हात लुळा पडलेल्या माणसांना कपडे चढवताना त्यांचे होणारे हाल तिने रोज पाहिले होते. दुसऱ्याच्या मदतीशिवाय घालता येतील असे शर्ट तिला विकायचे होते. शिवणार अर्थातच बाबा. त्यांचा जन्म शिलाई मशीनपुढे गेला होता, आणि पोरीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

कंपनी कशी चालवतात हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून ती काम करताना उद्योजकांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट लावून ठेवी. मुलाखती घेणारी बाई खणखणीत आवाजाची होती.

“आली का तुझी बाई?” बाबा सुरुवातीला नाक मुरडत. “तिला म्हणावं, एक काज करून दाखव.”

पण एकदा एक खेळणीवाला आपला सगळा माल दुकानांतून परत कसा आला ते सांगू लागला, आणि बाबांचा पाय पायडलवरच थबकला.

“मग? काय केलं त्याने?”

“ऐकू तर द्या, बाबा!”

त्या दिवसापासून बाबा बाईचे भक्तच झाले. शेजाऱ्यांशी बोलतानाही ‘आमची बाई म्हणते’ अशी सुरुवात होऊ लागली. मुलगी हिरमुसली की बाबाच म्हणत, “अगं, त्या खेळणीवाल्याचं आठव जरा. उभा राहिलाच ना पुन्हा?”

पहिला शर्ट तयार झाला. एका बाजूने खांद्यापासून खालपर्यंत उघडणारा, वेल्क्रोच्या रुंद पट्ट्यांचा. मुलगी त्याच्यावर बेहद्द खूश होती. नेमकं त्याच आठवड्यात बाईने सांगितलं, “वस्तू ग्राहकाच्या हातात द्या आणि गप्प बसा. तुम्ही बोलत राहिलात, तर तो तुमचं मन राखेल. खरं सांगणार नाही.”

बाबांना हसू आवरेना. “तू? आणि गप्प? अगं, झोपेतसुद्धा तुझी टकळी चालू असते!”

शर्ट घेऊन दोघं भूगोलाच्या मास्तरांकडे गेली. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा हॉस्पिटलात तिनेच त्यांची शुश्रूषा केली होती. मास्तरांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. ती ओठ घट्ट मिटून बसली.

“घालता येईल मला,” मास्तर शेवटी म्हणाले. “पण हा घालून वर्गात गेलो, तर पोरांना मास्तर दिसणार नाही. पेशंट दिसेल.”

घरी येताना तिचे डोळे भरून आले. “सुरू व्हायच्या आधीच बुडाली माझी कंपनी.”

“बुडतेय कशाला? माणूस खरं बोलला तुझ्याशी. चल, उसवायला घेऊ.”

तिने वेल्क्रोऐवजी चुंबक लावायचं सुचवलं. बाबांनी ताठ कॉलर लावली, वर नुसती दिसायची बटणं टाकली आणि त्यांच्या मागे चपटी चुंबकं शिवली. पहिल्यांदा वजनाने कापड लोंबलं. मग आतून जाड अस्तर दिलं, तेव्हा कुठे शर्ट शर्टासारखा दिसू लागला.

मास्तर तो घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बराच वेळ गेला. आत काहीतरी धाडकन पडलं. मास्तरांची बायको उठली, मुलगीही उठली. बाबांनी मुलीचं मनगट धरलं.

“बसा दोघीही. त्यांचं त्यांना करू द्या.”

दार उघडलं. शर्ट नीट अंगात होता, फक्त कॉलरचं एक टोक आत दुमडलं होतं. बायकोचा हात आपसूक पुढे झाला.

“राहू दे गं,” म्हणत मास्तरांनी डाव्या हाताने ते टोक स्वतःच बाहेर काढलं. मग आरशापुढे बराच वेळ उभे राहून विचारलं, “निळ्या रंगात मिळेल का? शाळेत रोज एकच घालून कसा जाऊ?”

बाबांनी घाईघाईने मान डोलावली.

निघताना मास्तरांची बायको दारापर्यंत आली. “आजवर माझी सगळी सकाळ यांचं आवरण्यात जायची,” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “आता मोकळीच असेन. मला हातशिलाई बरी येते. चुंबकं शिवायला येऊ का तुमच्याकडे?”

मास्तर पुन्हा शाळेत रुजू झाले त्याच सकाळी त्यांची बायको शिवणखोलीत हजर झाली. बाबांनी खिडकीजवळची खुर्ची तिला दिली आणि सुईत दोरा ओवता ओवता, ‘आमची बाई’ काय काय म्हणते ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.