काळ्या चौकटीतले आबा

चूक माझीच. बारामतीतल्या एका छोट्या संग्रहालयात मी दर रविवारी शहरातल्या पोरापोरींना फोटो काढायला शिकवते आणि 'रंगांच्या मागं लपू नका' असं त्यांना सारखं सुनावते. बाकीचे या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडतात. कॉलेजातली निकिता तेवढी माझं सगळं ऐकते. म्हणून तर पंचाईत झाली.

आमच्या क्लासच्या प्रदर्शनासाठी तिनं आपल्या वडिलांचा, भिमा आबांचा फोटो दिला. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता ते वर बघून हसतायत. मी सांगितलं म्हणून तिनं तो काळा-पांढरा केला. मी काळ्या चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर टांगला, वर दिवा सोडला. निकिताला धाकधूक होती. आबांनी तिला बजावलं होतं, "परदर्शन बघतो. न्हाय पटलं तर क्लास बंद." मला ती पोरगी जायला नको होती. पोटच्या लेकीसारखी माझी तिच्यावर माया आहे, आणि तशीच मी तिच्यावर खेकसतेही.

उद्घाटनाला सगळ्यात आधी तिची आत्या फुलाबाई लासुर्ण्याहून एसटीनं आली. दारातून तिनं भिंत पाहिली आणि मटकन खाली बसली.

"दादा रं, माज्या दादा! मला कळवलंबी न्हाय कुणी!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इकडं घराघरांत भिंतीवर काळ्या चौकटीत गेलेल्या माणसांचेच फोटो लावतात, हे का मला ठाऊक नव्हतं? कलेच्या नादात मी चांगल्या धडधाकट माणसाला कैलासवासी करून ठेवलं होतं. निकिता आत्याला उठवायला धावली, आणि तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घालून खुद्द आबाच आत आले.

"फुले, रडतीस कशापायी?"

आत्यानं डोळे फाडून त्यांच्याकडं पाहिलं आणि हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली. क्लासची पोरं खो खो हसली. आबा हसले नाहीत. ते फोटोपुढं जाऊन उभे राहिले.

"उतरवते, आबा," निकिता रडवेली होऊन म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं." त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. एरवी मी कुणाला काचेला हात लावू देत नाही. "मेल्यावर लावला असता, तर ह्यो मला कुठं दिसला असता?"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्याडम, आईतवारी किती वाजता पाठवू हिला?"

"नऊ," मी म्हणाले, आणि काचेवरचा त्यांच्या बोटाचा डाग तसाच राहू दिला.