बिल्ला नंबर ४३१७

दर रविवारी दुपारी डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत मेलेले गिरणी कामगार बोलायचे. चेष्टा नाही. तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत उभं राहायला जागा नसायची. संपाला सतरा वर्षं होऊन गेली होती, पण संपात गेलेली माणसं कोणाच्या मनातून गेली नव्हती. रघुवीर महाराजांनी नेमकं तेच हेरलं होतं.

टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर. माऊसलाही कुंकवाचं बोट, गणपतीचं वाहन म्हणून. "आत्म्याला देह नको, मेमरी पुरते!" महाराज सांगायचे. "चित्रगुप्ताची वही ती हीच. आता तिला हार्ड डिस्क म्हणतात, एवढंच." लोक माना डोलवायचे.

विधी सोपा होता. आदल्या दिवशी चिठ्ठीवर माणसाचं नाव आणि बिल्ला नंबर लिहून द्यायचा. गिरणीत एका नावाचे दहाजण असायचे, बिल्ल्याचा नंबर मात्र एकट्याचा. रविवारी नातेवाइकानं आपल्या हातानं तो नंबर टाइप करून कीबोर्डची खालची लांब पट्टी दाबायची. महाराज चार हात दूर, डोळे मिटून. पट्टी दाबली की नंबर नाहीसा व्हायचा आणि त्या जागी माणूस बोलू लागायचा.

त्या रविवारी पाळी तुळसाकाकीची होती. तिचा नवरा कुशाबा संपाच्या दुसऱ्या वर्षी शिवडीच्या गोदीकडे काम शोधायला म्हणून गेला, तो आलाच नाही. ना प्रेत सापडलं ना पत्र आलं. काकी अजून कुंकू लावायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारची कालिंदी सोबत आली होती. कालिंदी दादरच्या एका प्रेसमध्ये मराठी टायपिंग करायची. तिचे वडीलही संपात आजारपणानं गेले होते. हे सगळं थोतांड असणार, असं तिला वाटत होतं, आणि तरीही बापाचा शब्द ऐकायची हाव काही सुटत नव्हती.

कालिंदीनं दाखवलेले आकडे काकीनं एकेक करून दाबले. चार, तीन, एक, सात. मग पट्टी. नंबर गेला आणि अक्षरं उमटली. कालिंदीनं वाचून दाखवलं, "तुळसा, मी खाडीत आहे. सुटका नाही. खोली महाराजांच्या मठाला दे, म्हणजे मी सुटेन."

क्षणभर कालिंदीलाही ते खरं वाटलं.

महाराजांनी डोळे उघडले. खोली मठाच्या नावावर करायचा कागद तयारच होता. शिष्यानं शाईचं पॅड पुढे केलं.

"काकी, थांब," कालिंदी म्हणाली.

"नको गो. तेची इच्छा आसा. सोळा वरसां तो पाण्यात आसा, आणि मी पंख्याखाली निजतंय."

"देशील मग. आधी विचारू तर दे, कोणाबरोबर गेले होते ते." कालिंदीनं प्रश्न टाइप केला आणि पट्टी दाबली. प्रश्न तसाच राहिला. पुन्हा दाबली. काहीच नाही.

"आत्मा थकला," महाराज म्हणाले.

कालिंदी पडद्याकडे बघत राहिली. पट्टी दाबताच लिहिलेलं बदलतं, हे तिनं कुठे पाहिलं होतं? रोज पाहत होती की! इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या चुका मशीननं आपोआप सुधाराव्यात म्हणून केलेली ती सोय. तीच सोय प्रेसमध्ये मराठीची वाट लावायची, धड लिहिलेलं अक्षर परस्पर बदलायची. म्हणून नवीन मशीन आलं की कालिंदी सगळ्यात आधी ती बंद करायची.

मग ज्यांनी केलेलं मागे घेता येतं, ती दोन बटणं तिनं एकदम, पुन्हा पुन्हा दाबली. आधी प्रश्न गेला, मग कुशाबाचे शब्द गेले आणि ४३१७ परत आला.

"ए, हात काढ!" महाराज ओरडले. "भस्म होशील!"

"होऊ दे. मशीनला काय होत नाय ना?" असं म्हणत तिनं त्या सोयीची यादी उघडली. डाव्या बाजूला नंबर, एकाखाली एक. उजव्या बाजूला, यादीत मराठी फॉण्ट चालत नसल्यामुळे, मराठीचं झालेलं इंग्रजी गिचमिड. "शांतामावशी, तुझ्या भावाचा नंबर काय?"

"सहा शून्य बावीस. पण माझी पाळी अजून आली नाय."

कालिंदीनं ६०२२ टाइप करून पट्टी दाबली. शांतामावशीचा भाऊ रामू पाळी नसतानाच बोलला: बहिणीनं मठात सेवेला यावं.

"कालच्या चिठ्ठीवरून घालून ठेवलंय," कालिंदी म्हणाली. "अमुक लिहिलं की तमुक दाखव. वेळ वाचावा म्हणून असते ही सोय."

गलका उठला. महाराज दाराकडे सरकले, पण गर्दी त्यांनीच जमवली होती, वाट कुठून मिळणार? काकी मात्र जागची हलली नाही. "पण तो बोललो गो," ती म्हणाली. "माज्या बोटांनी बोललो."

या बाईला समजावायचं कसं? कालिंदी तिच्याशेजारी बसली. "काकी, तूच सांग. काकांनी काय बोलावं?"

काकीनं पडद्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "तुजा काय चुकला नाय, असा लिही."

कालिंदीनं यादीत ते घातलं आणि काकीचा हात धरून बटणांवर ठेवला. चार, तीन, एक, सात. पट्टी. पडद्यावर कुशाबा म्हणाला, तुजा काय चुकला नाय.

काकी हमसून रडली. सोळा वर्षांचं रडणं होतं ते, कालिंदीलाही आवरलं नाही.

"काकी, कोण बोललं हे?"

काकीनं डोळे पुसले. "मीच बोललंय," ती म्हणाली, आणि कागदावर अंगठा न उठवता उठली. "चल घराक."

मशीन कोणालाही वापरता यावं म्हणून बनवणाऱ्यांनी आतली कामं झाकून ठेवली. त्यात वाईट काही नाही. सगळं शिकूनच हात लावायचा म्हटलं असतं, तर कालिंदीही प्रेसमध्ये टिकली नसती. पण जिथे झाकण असतं, तिथे त्यावर आसन मांडणारा कोणीतरी येतोच. म्हणून यंत्र बोलो नाही तर महाराज, हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे शब्द आत घातले कोणी? आणि अंगठा मागितला, तर आधी उत्तर घ्या.