चिंधीची शेंग

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या सगळ्यात मोठ्या शेंगेला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली दिसली आणि रावजींच्या हातातला पाण्याचा तांब्या जागच्या जागी थांबला.

"असं काय?" ते वेलीलाच म्हणाले. दुसरं होतं कोण ऐकायला!

अबईच्या शेंगांची ही वेल त्यांनी खेडच्या एस.टी. डेपोतून निवृत्त झाल्यावर लावली होती. बायको आधीच गेलेली, पोरबाळ नाही. गाड्यांच्या चाकांचे नट आवळण्यात जन्म गेलेल्या माणसाला रिकाम्या हातांनी बसवेना, म्हणून एक बी पुरलं इतकंच. वेलीचं मूळ त्यांच्या अंगणात, पण ऊन गडग्यापलीकडे. म्हणून ती दरसाल चिऱ्यांवरून बेधडक पलीकडे उतरायची. पलीकडे चुलतभावाची बायको, आनंदीबाई राहायच्या. गडगा नव्याने रचताना वीतभर जमिनीवरून भावाभावांत जुंपली आणि बोलणं तुटलं. पुढे भाऊ वारला, पण अबोला काही मेला नाही. वेलीला मात्र यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं.

पलीकडे लोंबेल ती शेंग पलीकडची, हे न ठरवताच ठरून गेलं. रोज सकाळी आनंदीबाई कोवळ्या शेंगा मोडत. कट्, कट्. तो आवाज आला की रावजी चहा ठेवत. त्यांच्या घराभोवती माणसाची चाहूल काय ती तेवढीच. दुपारी अबईच्या भाजीवर खोबरं घालताना, पलीकडेही हेच शिजत असेल असं मनात येई आणि एकट्याचं जेवण जरा घशाखाली उतरे.

आणि आता ही चिंधी. शेंगेला चिंधी बांधायची ती बियाण्यासाठी. ही मोडू नका, पिकू द्या, असा तिचा अर्थ. म्हणजे बाई आता स्वतःची वेल लावणार. आमच्या वेलीची शेंगसुद्धा नकोशी झाली! रावजींना ते लागलं, फार लागलं. त्यांनी कोयती आणली आणि वेलीच्या बुडाशीच घाव घातला.

दोन दिवसांत पलीकडच्या पानांनी माना टाकल्या. आता वैनी ओरडतील, म्हणून रावजी कान लावून बसले. निदान एखादी शिवी तरी कानावर पडली असती. पलीकडून शब्द आला नाही. त्याच आठवड्यात गाडी आली. मुलगी सुनंदा आईला न्यायला आली होती. रावजी दाराआड उभे राहिले, बाहेर काही गेले नाहीत. गाडी गेली आणि पलीकडच्या दाराला कुलूप लागलं.

शिमग्याला सुनंदा घर झाडायला आली, ती थेट त्यांच्या ओटीवर. हातात निळ्या चिंधीची पुरचुंडी.

"काका, आयनं दिलान. अबईचं बी हाय."

"मला? मला कशाला?"

"ती म्हणते, भावोजी सगळ्या शेंगा कवळ्याच काढतात, बियाला कंदी एक ठेवीत नायत. वेल म्हातारी झालेय. उद्या गेली तर बी कुठनं आणतील? म्हणून जायच्या आधी चिंधी बांधलान होती. जाताना तीच शेंग संगतीनं नेलान."

रावजींनी पुरचुंडी सोडली. आत लाल, टपोऱ्या बिया. त्यांची नजर अंगणातल्या वाळक्या खोडाकडे गेली. सुनंदाचीही गेली.

"ती वेल..." रावजी म्हणू लागले.

"छाटलीत ना? आय म्हणाली, भावोजींनी बुडाशी छाटलानी, आता पावसात जोरात फुटंल."

"असं म्हनाल्या?"

"व्हय."

रावजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुरचुंडी पुन्हा बांधत त्यांनी विचारलं, "येनार कंदी वैनी?"

"आता नाय यायची, काका. डोंबिवलीत आमी तिसऱ्या माळ्यावर. लिफ्ट नाय, तिला जिना उतरवत नाय. खिडकीत बसून असते दिवसभर. काय सांगू तिला?"

"वेल हाय म्हनावं," रावजी म्हणाले.

पावसात खोड खरंच फुटलं. अबईची जातच चिवट. बी पुरायची गरज पडली नाही. नवरात्र सरेपर्यंत वेल गडगा चढून कुलूपबंद अंगणात उतरली. रावजींनी आपल्या बाजूच्या कोवळ्या शेंगांनी पिशवी भरली आणि मुंबईच्या गाडीच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे वैनींसाठी द्यायला फाट्यापर्यंत गेलेही. पण पोचेस्तोवर निबर होतील, असं स्वतःलाच सांगून ते परत आले. खरं तर पिशवीबरोबर काय निरोप द्यायचा, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

पलीकडच्या शेंगांना त्यांनी हात लावला नाही. त्या त्यांच्या नव्हत्याच. फक्त एकदा, कित्येक वर्षांनी, ते गडगा ओलांडून गेले आणि सगळ्यात मोठ्या शेंगेला आपल्या पंच्याची चिंधी बांधून आले.

थंडीत एके सकाळी ते असेच अंगणात उभे होते. सवयीने कान पलीकडे. ऊन वर आलं, चहाची वेळ टळत चालली. मग वारा सुटला आणि पलीकडच्या वाळल्या शेंगांतलं बी खुळखुळलं. रावजी आत गेले आणि त्यांनी चहा ठेवला.