जवसाचं तेल

रंगूबाईने मसुराचं पीठ सायीत कालवलं आणि विजयमालेच्या कोपरापासून मनगटापर्यंत हलकेच बोटं फिरवली. पूर्वेला अजून तांबडं फुटायचं होतं. परसातल्या दगडावर पाण्याची घागर होती, शेजारी वाटीत जवसाचं तेल.

"रंगूमाय, जरा जोरानं चोळा ना."

"कातडं हाये पोरी, गोणपाट नाई."

विजयमाला तोंडावर पदर धरून हसली. ती शेजारच्या प्रयागबाईची सून. लग्नाला वर्ष होत आलेलं, चौथा महिना लागलेला. सासू उठायच्या आत कुंपणातल्या फटीतून ती इकडे यायची. मेडशीच्या बाजारात तेव्हा स्नो-पावडरच्या बाटल्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या, पण रंगूबाईकडे तसलं काही नव्हतं. दिवस उगवायच्या आत आंघोळ, अंगाला तेल. भर उन्हात शेतात उभं राहायचं नाही, राहावं लागलंच तर पदर नाकापर्यंत. जेवणात ताक, काकडी, अंबाडीची भाजी. दिवे लागले की झोप. नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं हेच. रिकाम्या घरात दिवस कशाला तरी बांधलेला असावा म्हणून तिने ते धरून ठेवलं होतं. पन्नाशी उलटली तरी तिच्या गालावर सुरकुती नव्हती.

"आत्याबाईले सांगू नका बरं."

"मी कोनाले सांगू? मायाकडे येतेच कोन?"

तेवढ्यात जानरावाच्या घरातून हंबरडा आला. आवाज त्याच्या बायकोचा, हिरीबाईचा होता. दोघींचे हात थांबले. होळीपासून घसा बंद होऊन गेलेलं वस्तीतलं हे तिसरं लेकरू.

विजयमालेने हातावरचं पीठ न धुताच पदराखाली झाकलं आणि ती फटीतून निघून गेली.

चार-पाच दिवसांनी रंगूबाई विहिरीवर गेली, तेव्हा बायका बोलत होत्या. ती काठाशी आली आणि बोलणं थांबलं. तिने दोर सोडला. प्रयागबाईने आपला हात तिच्या हाताशेजारी विहिरीच्या काठावर ठेवला. काळा, भेगाळलेला, शिरा वर आलेला हात.

"आपून एकाच सालात नांदायले आलो ना वं, रंगू?"

"एकाच. तुयी वरात आधी आली. तुया घोडा माया मांडवात घुसला होता."

एरवी या आठवणीवर प्रयागबाई हसायची. आज हसली नाही.

"मंग माया हात पाह्य, अन् तुया पाह्य."

घागर पाण्यात बुडाल्याचा आवाज तेवढा आला. कोपऱ्यात बसलेली हिरीबाई उठली. तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं.

"कोनाचं आयुष्य खाऊन राह्यली वं तू?"

रंगूबाईची सावली तिच्या भरल्या हंड्यावर पडली होती. हिरीबाईने हंडा तिथेच पालथा केला. एकेक करून बायका आपापलं पाणी उचलून निघून गेल्या. प्रयागबाई सगळ्यांच्या शेवटी गेली, पण गेलीच.

त्या दिवसापासून घरांच्या उंबऱ्यांपुढे राखेच्या रेघा दिसू लागल्या. रंगूबाई वाटेने चालली की बाया लेकरांचे चेहरे आपल्या पोटाशी दाबून धरत.

विजयमाला एकदाच आली, भर दुपारी, कुंपणापलीकडूनच.

"अमावसेले भगत येऊन राह्यला. जानरावभाऊजीनं बलावला. माणसं म्हनतात, नदीपलीकडच्या बाईसारखंच करू."

नदीपलीकडच्या बाईचे गेल्या साली केस कापले होते. तिला गावाबाहेर नेलं होतं. नेणारे परत आले, ती कुठे गेली हे कुणी विचारलं नाही.

"तू जा घरी," रंगूबाई म्हणाली.

"रंगूमाय, मायं नाव घेऊ नका. मी इथं येत होती ते."

तिचा एक हात पोटावर होता. रंगूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

अमावास्येला बारा दिवस होते. रंगूबाईने तेलाची बाटली उचलली आणि बैलाच्या शिंगांना सगळं तेल चोपडून टाकलं. मग दुकानातून कपडे धुवायच्या सोड्याचे खडे आणले. सकाळी ते पाण्यात विरघळवून तिने तोंड धुतलं. पहिल्या दिवशी नुसती आग झाली. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले. डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून ती ऐन वैशाखातल्या दुपारी धसकटं वेचायला शेतात उतरली. सावलीला बाभळीचं झाड होतं. ती त्याच्याकडे पाठ करून बसायची.

सातव्या दिवशी कपाळाची साल निघाली. दहाव्या दिवशी घागरीतल्या पाण्यात तिला एक म्हातारी दिसली. तिने घागर हलवली. पाणी स्थिर झालं, तरी म्हातारी तिथेच होती.

भगत आला तेव्हा सगळी वस्ती पाराजवळ जमली होती. रंगूबाईला पुढे उभं केलं. भगताने तिच्या चिरलेल्या गालांकडे, खपल्या धरलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि जानरावाकडे वळला.

"हेच का ते? जवान बाई म्हनत होते ना तुमी?"

जानराव गोंधळला. गर्दीतून प्रयागबाईचा आवाज आला, "खाल्लेलं उलटलं तिच्यावर. आता काय राह्यलं इच्यात?"

ती रंगूबाईकडे पाहत नव्हती. भगताने नारळ घेतला, वस्तीभोवती तांदूळ फेकले आणि तो गेला. पाऊस लागल्यावर घशाची साथ ओसरली. सरकारी फवारणीवाले येऊन औषधाने भिंती पांढऱ्या करून गेले. पण वस्तीला कारण पक्कं ठाऊक होतं. रंगूबाई म्हातारी झाली आणि लेकरं जगली.

मग हळूहळू सगळे तिच्याशी बोलू लागले.

भादव्यात विजयमालेला मुलगा झाला. बारशाला रंगूबाईलाही बोलावणं आलं. ती दाराजवळ भिंतीला टेकून बसली. बाळंतिणीने अंगाला तेल लावलेलं होतं. शेगडीच्या उजेडात तिचा चेहरा, गळा, हात तुकतुकीत दिसत होते. पाळणा म्हणून झाला. घुगऱ्या वाटल्या गेल्या.

"सुनेकडे पाह्यलं का वं?" प्रयागबाई कौतुकाने म्हणाली. "बाळंतीन वाटते का? काल लग्न झाल्यावानी दिसून राह्यली."

बायका हसल्या. हिरीबाई हसली नाही. तिच्या ओंजळीतल्या घुगऱ्या तशाच होत्या. ती विजयमालेच्या गालाकडे पाहत होती.

"हो ना," ती सावकाश म्हणाली. "चैत्रात आमचं घर सुनं झालं. तवापासूनच उजळून राह्यली थे."

हसणं थांबलं. एकीने मांडीवरचं पोर पदराखाली घेतलं. प्रयागबाईने सुनेच्या तोंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं, जरा जास्त वेळ.

रंगूबाई उठली. घरी जाऊन आली. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवताना तिने विजयमालेच्या मुठीत कापडाची पुरचुंडी दिली आणि तिची बोटं मिटवली. विजयमालेने पदराआड पुरचुंडी उघडली. आत सोड्याचा पांढरा खडा होता.

तिने वर पाहिलं. रंगूबाईचं तोंड अगदी जवळ होतं.

"आधी कपाळाले लावजो," ती पुटपुटली. "अन् डोळे मिटजो."